जहाज घरी नव्हतं

जिथं समुद्र नसतो, तिथं समुद्राचे किस्से जास्त साचतात. मुंबईच्या माणसाला समुद्र येता-जाता दिसतो, म्हणून तो त्याच्याबद्दल फारसा बोलत नाही. आमच्या संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, मोठं पाणी म्हणजे हर्सूलचा तलाव. अशा गावात नेव्हीतून रिटायर झालेली चार माणसं दर रविवारी एका दुकानात बसायला लागली, तर दुसरं काय होणार? एकानं तोंड उघडलं की दुसऱ्याला आठवतं, दुसऱ्याचं संपेपर्यंत तिसरा स्टूल पुढे ओढतो. आता चौघांतले दोघंच उरलोत. ऐकणारा सापडला की मी सोडत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

चौघं कोण ते सांगतो. शहागंजात पत्र्याच्या पेट्या बनवणारे करीमभाई, दुकान त्यांचंच. ते एका फ्रिगेट जातीच्या लढाऊ जहाजावर शिपराइट होते, म्हणजे जहाजावरचे सुतार, लोहार, सगळं काही. कन्नडजवळच्या खेड्यातला माधव, त्याच फ्रिगेटवर बॉयलरखान्यात स्टोकर. सोयगावचा भुसारे तोफेवर होता, आणि तोही थेट विमानवाहू जहाजावर, म्हणजे कॅरियरवर. आणि चौथा मी, सिग्नलवाला. मी होतो मिसाइल बोटीवर. कॅरियर सातशे फूट, फ्रिगेट तीनशे सत्तर आणि माझी बोट सव्वाशे. भुसारे तिला ‘होडी’ म्हणायचा. पंधरा वर्षं देशसेवा करून माणसानं हे ऐकून घ्यायचं!

आम्ही सगळे पोलीस ॲक्शननंतरच्या चार-पाच वर्षांत जन्मलेले. भरती होईपर्यंत चौघांपैकी एकानंही समुद्र पाहिला नव्हता. आणि परत आल्यावर चौघांनाही त्याच्यावाचून करमत नव्हतं. हे आम्ही एकमेकांना कधी बोलून दाखवलं नाही, पण रविवार चुकवायची कुणाची छाती नव्हती.

*

करीमभाई आणि माधव जहाजापासूनचे ओळखीचे, पण आम्हा चौघांची गाठ पडली ती पेन्शनच्या रांगेत. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला सगळे माजी सैनिक कचेरीत जमायचे. रांग मोठी, आणि तीत सगळे पलटणवाले. मी मधे कुठंतरी उभा होतो. माझ्या पुढच्या हवालदारानं मागं वळून माझ्या पायांकडे पाहिलं आणि विचारलं, पाय दुखतात का तुमचे?

मला कळेना. मग तो म्हणाला, तुम्ही पाय फाकवून उभे आहात, तिकडचे ते तिघंही तसेच उभे आहेत, म्हणून विचारलं.

मी पाहिलं. खरंच, रांगेत तीन माणसं अशी उभी होती की जमीन कधी हलेल त्याचा भरवसा नाही. मी जाऊन विचारलं, “कुठलं जहाज?” तिघांनी तीन तऱ्हेनं उत्तर दिलं, पण मी नेव्हीचा आहे का, हे एकानंही विचारलं नाही.

दाखला राहिला बाजूला. रांगेतला नंबर गेला आणि आम्ही चौघं बाहेर चहाच्या गाड्यावर जाऊन उभे राहिलो. उभे कसे राहिलो असू, ते सांगायला नको.

*

आमच्या भागात जहाज केवढं असतं ते समजावून सांगणं ही एक कटकटच. फुटात सांगितलं तर लोक मान डोलावतात, पण त्यांच्या डोळ्यांपुढं काही उभं राहत नाही. भुसारेनं त्यावर उपाय काढला. तो एस्टीच्या हिशोबात सांगायचा. मिसाइल बोट म्हणजे साडेतीन एस्ट्या. माइनस्वीपर म्हणजे सुरुंग वेचणारं जहाज, ते साडेचार एस्ट्या. पाणबुडी साडेआठ. फ्रिगेट साडेदहा. आणि कॅरियर? इथं तो थांबायचा, चहाचा घोट घ्यायचा आणि मग सांगायचा, “वीस.”

एकदा सोयगावच्या आठवडी बाजारात त्यानं हे वीस एस्ट्यांचं गणित सांगितलं. ओळीनं वीस एस्ट्या उभ्या आहेत अशी कल्पना करा, म्हणाला. ऐकणाऱ्यांत एक म्हातारेबुवा होते. त्यांनी डोळे मिटून कल्पना केली, बराच वेळ केली, आणि मग काळजीनं विचारलं, “मधल्या गाडीतलं मानूस उतरून पार टोकाला जाईस्तोवर तर जेवनाची येळ निघून जात आसंल?”

भुसारे आम्हाला सांगताना चिडला होता. पण करीमभाई म्हणाले, बुवा बरोबर बोलले. कॅरियरवर स्वयंपाकघरापासून लांब राहणाऱ्याला गरम चपाती कधी मिळाली आहे का, ते आधी सांग. भुसारेनं चहाचा कप तोंडाला लावला.

*

करीमभाईंनी पेट्यांचे साइझ फूट-इंचात कधी लिहिले नाहीत. सगळ्यात लहान, शाळेच्या दप्तराएवढी, ती मिसाइल बोट. (इथंही माझीच!) तिच्याहून मोठी माइनस्वीपर, मग कॉर्व्हेट, मग फ्रिगेट, डिस्ट्रॉयर, क्रूझर. धान्य ठेवायची जी अजस्र पेटी, ती कॅरियर. ही नावं ते खडूनं झाकणाच्या आतल्या बाजूला लिहायचे, स्वतःच्या सोयीसाठी. गिऱ्हाइकानं ती वाचावीत अशी त्यांची इच्छा नव्हती.

हर्सूलच्या एक बाई लेकीच्या लग्नासाठी पेटी घेऊन गेल्या आणि चार दिवसांनी पेटीसकट रिक्षातून परत आल्या. त्यांच्या पोरीच्या पेटीत कॉर्व्हेट लिहिलंय आणि जावेच्या पोरीच्या पेटीत फ्रिगेट, हे कसं? आम्ही काय कमी आहोत का?

करीमभाईंनी समजावलं, की बाई, ही जहाजांची नावं आहेत, दोन्हींचा पत्रा एकच, फक्त लांबीत अर्ध्या फुटाचा फरक. बाई ऐकेनात. “मला फ्रिगेटच पायजे.”

मी हळूच म्हटलं, करीमभाई, खडू आहे, फडकं आहे, पुसून फ्रिगेट लिहा आणि मोकळे व्हा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू त्यांना नमाज चुकवायला सांगितलंय. “कॉर्व्हेट कू फ्रिगेट कैसा बोलूं? छे इंच का फरक है.” दोन दिवस खपून त्यांनी नवी पेटी करून दिली.

पुढं हर्सूल भागात ही नावं चांगलीच रुळली. लग्नात बायका एकमेकींना विचारायच्या, पोरीला काय दिलं? “एक फ्रिगेट दिली, आन भांड्यांला डिस्ट्रॉयर.” भुसारे म्हणायचा, एवढं आरमार तर आपल्या वेळी पश्चिम किनाऱ्यावरसुद्धा नव्हतं.

*

आता माधवचं सांगतो. माधव मुळात कमी बोलणारा. पंधरा वर्षं नेव्हीत काढून गावी परत आला, तेव्हा पारावर सगळा गाव जमला. सरपंचांनी पहिलाच प्रश्न विचारला, “माधवा, समुद्र कसा आस्तो रे?”

माधवनं खूप विचार केला आणि सांगितलं, “गरम आस्तो.”

गाव हसलं. पण तो खोटं बोलला नव्हता. स्टोकरची जागा बॉयलरसमोर, जहाजाच्या पोटात, पाण्याच्या पातळीखाली. खिडकी नाही. घाम पुसायला मानेभोवती गुंडाळलेला कपडा पिळायचा आणि परत गुंडाळायचा. ड्यूटी संपवून वर आला की अंगात जीव नसायचा, समुद्र कोण बघतो! बाकी आम्ही तिघं निळ्या पाण्याच्या गप्पा मारायचो, तेव्हा माधव पाहुण्यासारखा ऐकत बसायचा.

त्या दिवशी पारावर एकच माणूस हसलं नव्हतं. माधवची बायको, कौसल्यावहिनी. त्यांचं कारण वेगळं होतं. माधव समुद्रावर असताना त्यांची पहिली मुलगी शांता अकरा महिन्यांची होऊन तापानं गेली. गावातून तार केली. माधव घरी पोचला तेव्हा चाळीस दिवस उलटले होते. का आला नाहीत, असं वहिनींनी कधी विचारलं नाही. जहाज वाटेत थांबत नाही, एवढं त्यांना कळत होतं. त्यांनी फक्त विचारलं, तार आली तेव्हा तुम्ही कुठं होता? माधव म्हणाला, जहाजावर. जहाजावर कुठं? खाली. खाली म्हणजे कुठं?

त्याला काही सांगता येईना. हे मला वहिनींनीच सांगितलं, आम्ही त्यांच्या शेतावर हुरड्याला गेलो होतो तेव्हा. आगटीपुढं बसून त्या कणसं चोळून देत होत्या. म्हणाल्या, “भाऊजी, पोर माज्या मांडीवर गेली. ती जागा मला ठाव हाये, रोज तिथून झाडू मारती मी. त्यांची जागा तेवढी ठाव नाय. एक डाव बघायची हाये बगा.”

त्यानंतर आमच्या रविवारच्या बैठकीला एक कामच लागलं, वहिनींना जहाज दाखवायचं.

*

डिसेंबरात नेव्हीच्या आठवड्यात मुंबईला काही जहाजं लोकांना पाहायला खुली करतात. करीमभाईंनी जुन्या दोस्ताला पत्र टाकून विचारलं. फ्रिगेट मुंबईतच आहे असं उत्तर आलं. माधव आणि वहिनी निघाले. वहिनींनी नवं लुगडं नेसलं, चार दिवसांच्या दशम्या बांधल्या, शिवाय जहाजावरच्या पोरांसाठी म्हणून शेंगांची चटणी घेतली.

गोदीत पोचले तर कळलं, जहाज आदल्या दिवशीच कामावर निघून गेलं. कुठं, ते विचारायचं नसतं, हे माधवला माहीत होतं. दारावरच्या पोरानं आदरानं सांगितलं, काका, ती नाही तर दुसरी बघा, माइनस्वीपर खुली आहे.

वहिनी चढल्या. माधव खालीच थांबला. परक्याच्या घरात कसं शिरायचं, म्हणाला. वहिनींनी जहाजाच्या अंगाला हात लावून पाहिला आणि त्या चकित झाल्या. लाकडाचं होतं! तिथल्या खलाशानं समजावलं, की समुद्रातले सुरुंग लोखंड ओळखतात आणि फुटतात, म्हणून हे वेचणारं जहाज लाकडाचंच करतात. वहिनींनी मान डोलावली, चटणीचा डबा त्या खलाशाच्या हातात दिला आणि खाली उतरल्या.

गावी परतल्यावर बायका जमल्या. पाहिलं का जहाज? वहिनी म्हणाल्या, “गेलो व्हतो. पन जहाज घरी नव्हतं.”

इतक्या सरळपणे म्हणाल्या, की कुणीच हसलं नाही. दुसऱ्या वर्षी जहाज दुरुस्तीला बांधलेलं होतं आणि आत कुणाला सोडत नव्हते. तिसऱ्या वर्षी वहिनींचे गुडघे धरले.

*

आणि मग एका रविवारी करीमभाईंना त्यांच्या दोस्ताचं पत्र आलं. फ्रिगेट नेव्हीतून निवृत्त झाली, निशाण उतरवलं, आता तोडायला जाणार. करीमभाईंनी पत्र दोनदा वाचून दाखवलं. त्या दिवशी पेट्या ठोकायचा आवाज दुकानातून आला नाही. माधव उठला, स्टूल जागेवर ठेवलं आणि म्हणाला, “आता हिला काय सांगू?”

दुकानात बसवेना. आम्ही चौघं रिक्षा करून हर्सूलच्या तलावावर गेलो. पाणी कमी होतं, कडेला म्हशी बसल्या होत्या. भुसारेनं डोक्यावरची टोपी काढली, म्हणून आम्हीही काढल्या आणि पाण्याकडे तोंड करून उभे राहिलो. मला इतकं भरून आलं की लाज वाटली. माझं जहाजही नव्हतं ते!

तलावावरचा राखणदार लांबून बघत होता. शेवटी जवळ आला आणि हलक्या आवाजात विचारलं, “तुमचं कुनी पान्यात गेलं का?”

भुसारे म्हणाला, “गेलं.”

“अरेरे. केवढं व्हतं?”

करीमभाईंनी पाण्यावरची नजर न काढता सांगितलं, “तीन सौ सत्तर फूट.”

राखणदार आमच्या शेजारी उभा राहिला. त्यानंही डोक्याचा रुमाल काढला.

*

आता शेवटचा. हा मी फार जणांना सांगत नाही.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडी वहिनींना छातीचा त्रास सुरू झाला. डॉक्टरांनी प्रवास बंद केला, जिने बंद केले. माधव रविवारी यायचा, पण नुसता बसून राहायचा. आम्ही भेटायला गेलो तेव्हा वहिनी मला म्हणाल्या, आता तुम्हीच सांगा भाऊजी, कशी होती ती जागा. मी सांगायला बसलो. बॉयलर, पाइप, वाफेचा दाब दाखवणारे गेज, लोखंडी जाळीची जमीन. अर्धा तास सांगितलं. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांपुढं काहीही उभं राहत नव्हतं, हे मला दिसत होतं.

करीमभाई मला थांबवत म्हणाले, “बोलके नै होता भाई. बनाके दिखाना पडता.”

माधवचं गव्हाचं रान नुकतंच मोकळं झालं होतं. करीमभाईंनी दुकान चार दिवस बंद ठेवलं. कबड्डीचं मैदान आखायची फक्की दोन पोती आणली, खुंट्या आणल्या, सुतळी आणली आणि मोजायची टेप. जहाजाला मजले असतात आणि रान तर सपाट. त्यावर त्यांनी तोड काढली. वरचा डेक पांढऱ्या फक्कीनं, खालचे मजले तांबड्या कावेनं. एकाच जागी दोन रंग, पांढऱ्याच्या पोटात तांबडं.

पहिल्याच सकाळी अडचण आली. माधवचं रान बांधापासून बांधापर्यंत तीनशे चाळीस फूट भरलं. तीस फूट नाक बाहेर जात होतं, आणि बाहेर म्हणजे रामदासच्या रानात. रामदास माधवचा चुलतभाऊ. त्याच बांधावरून दोघांची बारा वर्षं कोर्टात केस चालू, बोलणं बंद. भुसारे म्हणाला, जहाज तीस फूट आखूड करू, वहिनींना काय कळतंय. करीमभाईंनी टेप गुंडाळायलाच घेतली.

रामदास बांधावर उभा राहून सगळं बघत होता. शेवटी तो माधवशी नाही, करीमभाईंशी बोलला. हे काय चाललंय, ते विचारलं. करीमभाईंनी सांगितलं, शांताची तार आली ती जागा वहिनींना दाखवायची आहे.  रामदासनं स्वतः जाऊन बांधावरची बाभळीची काटेरी फांदी ओढून बाजूला केली आणि म्हणाला, “येऊ द्या.”

दुसरं भांडण माधवचंच निघालं. त्याचा मेस, म्हणजे राहायची जागा, करीमभाईंनी आखली तेव्हा माधव बघतच राहिला. झोपायचा बंक सहा फूट लांब आणि दोन फूट रुंद, वर एक, खाली एक. पंधरा वर्षं काढली ती जागा एवढीशी? त्याला पटेना. त्यानं चालून पाहिलं, बसून पाहिलं. मग करीमभाईंना बाजूला घेऊन म्हणाला, जरा मोठी काढा, ती बघणार आहे. करीमभाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, पण रेघ हलवली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत वहिनींना बैलगाडीतून आणलं. रामदास आणि त्याची बायकोही येऊन उभी राहिली. वहिनी गाडीतून उतरल्या आणि समोर पसरलेल्या त्या पांढऱ्या-तांबड्या आकाराकडे त्यांनी कितीतरी वेळ पाहिलं. “एवढं मोठं व्हतं?” म्हणाल्या.

त्या सरळ रेघ ओलांडून आत जायला निघाल्या, तर माधवनं हात आडवा केला. “तिथून नाय. तिथं भिंत हाये. दार हिकडं.” दाराशी नेऊन सांगितलं, की जहाजाच्या दाराला गुडघ्याएवढा उंबरा असतो, पाय उचलून घ्यायचा. वहिनींनी माधवचा हात धरून दुखरा गुडघा उचलला आणि त्या आत गेल्या. मागून आम्ही सगळे पाय उचलून आत गेलो. रामदासनंही उचलला.

माधव बोलायला लागला. इतक्या वर्षांत आम्ही ऐकलं नव्हतं तेवढं तो त्या सकाळी बोलला. ही तोफ. ही जेवणाची रांग. हा माझा बंक. वहिनी खाली बसल्या, दोन रेघांमधलं अंतर त्यांनी वितेनं मोजलं आणि उठल्या.

पुढं बॉयलरखान्यात उतरायची शिडी होती, तांबड्या आडव्या रेघांची. माधवनं वाकून झाकण उघडल्यासारखं केलं आणि म्हणाला, पाठमोरं उतरायचं, घाई करायची नाही. तो आधी उतरला. वहिनी वळल्या आणि त्याचा हात धरून एक एक पाय मागं टाकत त्या सपाट मातीवर खाली गेल्या. आम्हीही तसेच पाठमोरे उतरलो. खाली तांबड्या रेघांचे दोन मोठे चौकोन होते, दोन बॉयलर. त्यांच्या समोर माधव जाऊन उभा राहिला.

वहिनींनी विचारलं, “तार आली तव्हा इथं व्हता?”

“इथंच. साहेब वरून उतरून आले. हातात कागद व्हता.”

“मंग?”

“ड्यूटी सरायला दोन तास व्हते. गेज बघत ऱ्हायलो.”

वहिनी त्या दोन तांबड्या चौकोनांकडे बघत राहिल्या. मग विचारलं, “रडले कुठं?”

माधव दोन पावलं सरकला, दोन्ही बॉयलरांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत. एका माणसाला जेमतेम उभं राहता येईल, एवढीच ती जागा. “इथं. इथं आवाज लई आस्तो. कुनाला काय ऐकू जात नाय.”

वहिनी चालत गेल्या आणि त्या जागेत त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. दोघांना ती पुरत नव्हती. त्यांनी पदर खांद्यावरून पुढं घेतला आणि आमच्याकडे न बघता म्हणाल्या, “भाऊजी, तुमी समदे जरा वर जा.”

करीमभाई आधी निघाले. मग भुसारे, मग मी, माझ्यामागं रामदासची बायको. त्या मोकळ्या रानात आम्ही एकामागून एक शिडीशी गेलो आणि पाय उचलत उचलत वर चढलो. वर येऊन पाठ फिरवून उभे राहिलो. सगळ्यात शेवटी रामदास चढला. वर आल्यावर तो वाकला आणि त्यानं दोन्ही हातांनी झाकण लावून घेतलं.